बुजवण्याआधी दाखवा

महोदय,

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे. अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बावीस जणांचे डबे मी करते. पहाटे साडेचारला गॅस पेटतो, सव्वाआठला शेवटचा डबा पिशवीत जातो आणि मग सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. पोटापाण्याचा धंदा म्हणतात तो हाच. त्यातलं पोट मी अकरा वर्षं निभावते आहे. पाणी मात्र (सिंकमधून बाहेर जाणारं) फेब्रुवारीत अडलं ते जूनअखेर मोकळं झालं. मधल्या पाच महिन्यांत तीन प्लंबर झाले, साठ हजार शंभर रुपये गेले आणि शेजारणीशी अबोला धरून झाला. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर सुरुवातीला लावा, शेवटाला हात लावू नका.

आधी आमची चूक. सिडकोचं घर घेतलं तेव्हा मागे थोडी मोकळी जागा होती आणि तिथे ड्रेनेजचं चेंबर होतं. गल्लीत सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं, मागे स्लॅब टाकून स्वयंपाकघर वाढवलं. चेंबर ओट्यापुढच्या फरशीखाली गेलं. टाइल बसवताना गवंड्याने विचारलं होतं, "काकू, उघडायला झाकण ठेवू का?" आमचे हे म्हणाले, "बरं नाही दिसणार." नाही ठेवलं. पुढे जे झालं त्याला त्या दिवशीच आमंत्रण गेलं होतं.

दुसरी चूक माझी एकटीची. भाताची पेज, कालवणाचा तवंग, कढईतलं उरलंसुरलं तेल, सगळं मी वर्षानुवर्षं गरम पाणी ओतून सिंकमध्ये लोटत आले. गरम पाण्याने तेल जातं अशी माझी समजूत. जातं, पण चार हात पुढे जाऊन गार होतं आणि पाइपला आतून साबणाच्या वडीसारखं चिकटतं.

पहिला प्लंबर चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सकाळी उभे असतात त्यांतला. बांबूच्या कामट्या घातल्या, बाटलीभर ॲसिड ओतलं, धुराने माझी दोन डब्यांची भाजी खोकत खोकत झाली, आणि सातशे रुपये घेऊन गेला. चौथ्या दिवशी सिंक पुन्हा तुंबलं. पुन्हा बोलावला, पुन्हा सातशे. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने "तुंबारा काढतो" म्हटलं आणि तुंबारा काढला. लाइन बरी करतो असं तो म्हणालाच नव्हता.

दुसरा म्हणाला. मोटारसायकलवर आला, खिशातून कार्ड काढलं, फरशीवर पहारीचं टोक दोन-तीनदा आपटून डॉक्टरसारखा कान दिला आणि सांगितलं, "जुना चिनी मातीचा पाइप फुटलाय. पूर्ण लाइन बदलावी लागेल." निदान खरं निघालं, हेही सांगून टाकते. अडतीस हजार उक्ते ठरले, मटेरियलसकट. मी म्हटलं, कागदावर लिहून द्या. "मावशी, आपल्यात कागद कशाला?" बाकीचं सगळं तो यांच्याशीच बोलला. यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी बोललं की हे मान हलवतात. ती हललेली मान हाच आमचा करार.

वीस हजार ॲडव्हान्स दिले. काम तीन दिवस चाललं. सोबत एक पोरगा होता, मिसरूडही फुटलं नव्हतं. चेंबरवरची फरशी फोडली तेव्हा आत कमरेएवढा गाळ. याने पोराला सांगितलं, "उतर आत." चप्पल काढून तो उतरायला निघाला. मी आडवी आले. गटारात, टाकीत माणसाला साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी तुमच्याच वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. घरच्या चेंबरला तो कायदा लागतो का, त्यावर हुज्जत घालायची माझी इच्छा नव्हती. पोरगा उतरणार नव्हता, एवढंच. शेवटी लांब दांड्याच्या पावड्याने वरूनच गाळ काढला. अर्धा दिवस जास्त गेला. सुनेचे भांडी घासायचे रबरी मोजे मी पोराला दिले, ते त्याने जाताना धुऊन वाळत घातले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबे पोहोचवायला गेले. परत आले तर खड्डा बुजलेला, वर सिमेंटचा कोबा ओला, आणि कारागीर चहा पीत बसलेला. "झालं मावशी, एकदम ओके." मी बारा हजार आणखी दिले, सहा ठेवून घेतले. तेवढं शहाणपण कुठून सुचलं देव जाणे.

जाता जाता त्याने एक मेहेरबानीही केली होती. "गच्चीचा पावसाच्या पाण्याचा पाइपपण यातच सोडलाय. त्याचे वेगळे पैसे नकोत." मी त्याला वर आणखी एक चहा दिला.

आठ दिवसांत वास यायला लागला. झुरळं निघायला लागली. सिंकमधलं पाणी जायचं, पण जाताना घशात घास अडकल्यासारखा आवाज करायचं. मी फोन केला तर म्हणे, "मावशी, नवीन पाइप आहे, सेट व्हायला वेळ लागतो." मी काही इंजिनिअर नाही, पण पाइप म्हणजे दही नव्हे, रात्रभर ठेवला की लागतो. अकरा फोन केले. बाराव्याला मीच कंटाळले.

मग शेजारच्या वहिनींच्या भिंतीला ओल आली. आमची भिंत सामाईक. त्यांच्या देवघराच्या खालच्या अंगाला आधी हातभर डाग, मग पोपडे. त्या म्हणाल्या तुमचं पाणी, मी म्हटलं तुमच्या टाकीचं. दोन्ही घरांतली वाटीची देवाणघेवाण बंद पडली. पंधरा दिवस मीही फुरंगटून बसले. एका रात्री मात्र झोप येईना, म्हणून उठले आणि कपड्यांची नीळ होती ती निम्मी बाटली सिंकमध्ये ओतली, वर दोन बादल्या पाणी. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनीच हाक मारली. त्यांच्या देवघराखाली, पोपडा सुटला होता तिथे, निळसर ओघळ. मी पदराने पुसून पाहिला. पदर निळा झाला. त्यांच्यासमोर उभं राहून "वहिनी, पाणी माझंच" म्हणणं किती जड गेलं ते मला ठाऊक. ज्यांच्या घरी सामाईक भिंतीवरून वाद असतील त्यांनी वकिलाआधी आठ-दहा रुपयांची नीळ वापरून पाहावी.

याचा फोटो दुसऱ्याला पाठवला. फोटो पाहिल्याच्या दोन खुणा आल्या, त्याही निळ्याच. उत्तर नाही.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी त्याची मेहेरबानी फळाला आली. गच्चीवरचं सगळं पाणी धाडकन त्या लाइनीत उतरलं, चेंबर भरलं, आणि न्हाणीघरातल्या जाळीतून घाण पाणी वर आलं. माझी तांदळाची कोठी खाली होती. त्या दिवशी बावीस जणांना मी फोन करून सांगितलं, आज डबा नाही. अकरा वर्षांत सासूबाई गेल्या तेव्हाचे दिवस सोडले तर हे पहिल्यांदाच.

तिसरे काका पंचवटीतून येतात, वहिनींच्या माहेरच्या ओळखीचे. (हो, वाटी पुन्हा सुरू झाली.) वय सत्तरीच्या आतबाहेर. आल्या आल्या खणायला घेतलं नाही. आधी विचारलं, "ताई, घरात काय शिजतं?" डबे म्हटल्यावर म्हणाले, "मग निम्मा आजार तिथे आहे." आणि मग खणायला घेतलं.

कोबा फोडून नवाकोरा पाइप उघडा पडला तेव्हा त्यांनी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणली आणि मला खाली वाकून पाहायला सांगितलं. सुतळी सरळ, पाइप मधोमध दीड-दोन बोटं खाली झुकलेला, पोट सुटल्यासारखा. त्या पोटात पाणी साचून राहिलेलं, वर तेलाची साय. कारण सोपं होतं. पाइपखाली वाळू नाही, नीट दाबलेला मुरूम नाही, आमच्याच फोडलेल्या टाइलचं डबर टाकून त्यावर पाइप ठेवून दिलेला. खाली काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. डबर हललं, पाइप बसला. 'सेट' झाला तो असा.

ढाळ किती हवा तेही त्यांनी सांगितलं. चार इंची पाइपाला चाळीसाला एक, म्हणजे चाळीस इंच लांबीला एक इंच उतार. आमची लाइन अठरा फूट. हिशेबाने साधारण साडेपाच इंच उतार हवा. टोकाटोकाला मोजला तर जेमतेम दोन. चेंबरच्या बाजूला खणताना कठीण मुरूम लागला होता, तिथे दुसऱ्या प्लंबरने खणणं सोडून दिलं. मी विचारलं, मग उतार सात-आठ इंच दिला तर आणखी चांगलं का? तर म्हणाले, "नको. पाणी पळून जातं आणि घाण मागे राहते. दोघांनी बरोबर चालायला पाहिजे." लग्नाच्या मांडवातही इतकं नेमकं कोणी सांगत नाही.

न्हाणीघरातली लाइन स्वयंपाकघराच्या लाइनीला मिळते तिथे काटकोनात 'टी' लावलेला होता. वाहत्या पाण्याच्या बरगडीत दुसरं पाणी आदळतं आणि खरकटं तिथेच बसतं. काकांनी तिथे तिरका 'वाय' लावला. न्हाणीघरात खाली ट्रॅपच नव्हता, नुसती जाळी. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभं राहतं आणि तेच पाणी वास नि झुरळं अडवतं. "देशभरातले प्लंबर याला नहाणी ट्रॅप म्हणतात," काका म्हणाले, "शब्द आपल्या न्हाणीतलाच, आणि आपल्याच न्हाणीत तो नाही."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते. नवा पाइप संपून जुना चिनी मातीचा तुकडा सुरू होत होता, त्या जोडावर सिमेंटचा गोळा थापलेला होता. काकांनी छिन्नीने तो उडवला. आतून निघाली दुधाची पिशवी. अर्ध्या लिटरची, निळ्या अक्षरांची, चारपदरी घडी करून पाइपभोवती गुंडाळलेली, वर सुतळीच्या दोन गाठी. तिच्यावरची तारीखसुद्धा वाचता येत होती. आमच्याकडे काम चाललं त्याच आठवड्यातली. म्हणजे माझ्याच घरच्या चहाचं दूध, माझ्याच कचऱ्याच्या डब्यातली पिशवी, आणि तिचा जोड करून मला अडतीस हजारांत विकलेला. मी ती धुऊन ठेवली आहे. वहिनींच्या देवघरात उगवलेली नीळ याच घडीतून झिरपत गेली होती.

संपादक महाराज, हे सगळं मला कधी कळलं? दुसऱ्यांदा खणल्यावर. पहिल्या वेळी तो खड्डा अर्धा तास उघडा राहिला असता आणि मी तिथे असते, तर पाइपाचं मला काही कळत नसूनही दुधाची पिशवी मला कळली असती. सुतार चुकला तर दार वाजतं, रंगारी चुकला तर डाग दिसतो. ड्रेनेजवाल्याची चूक मात्र त्याच दिवशी जमिनीत जाते, आणि बाहेर येते ती दुसऱ्याच्या देवघरातून.

काकांनी बुजवण्याआधी काय केलं ते सांगते, कारण त्याला पैसे पडले नाहीत. खालच्या टोकाला घट्ट बूच मारलं, वरून पाणी भरलं, ट्रॅपच्या तोंडाशी पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ ओढली आणि म्हणाले, "ताई, आता अर्धा तास तुमचं काम करा." मी दुसऱ्या दिवशीच्या बटाटेवड्यांचे बटाटे सोलून घेतले. परत येऊन पाहिलं तर पाणी रेघेवर. मग बूच काढलं आणि वरच्या तोंडातून एक रबरी बॉल सोडला. माझा नातू आपला टेनिसचा बॉल घेऊन पुढे आला होता, पण तो लहान पडतो. पाइपच्या आतल्या मापापेक्षा जेमतेम अर्धा इंच लहान असा बॉल हवा, आणि तो काकांच्या पिशवीत होता. बॉल गडगडत गेला तो थेट चेंबरमध्ये टपकला. नातवाने टाळ्या वाजवल्या. मग काकांनी माझ्याच मोबाइलवर उघड्या लाइनीचे चार फोटो काढायला लावले, शेजारी टेप ठेवून. "उद्या मी नसलो तर पुढच्याला कळायला हवं, काय कुठे आहे." आणि मग वाळू, मुरूम, माती. या सगळ्यात दीड तास गेला असेल. गच्चीचं पाणी त्यांनी वेगळं काढून बाहेरच्या पावसाळी गटारात दिलं. सिंकखाली तेल अडवायला छोटी ग्रीस ट्रॅपची पेटी बसवली, ती दर रविवारी मीच साफ करते. कढया आता घासण्याआधी कागदाने पुसते. तुमची रविवारची पुरवणी या कामाला उत्तम आहे, राग मानू नका. एकवीस हजार पाचशे झाले, शिवाय टाइलचे बावन्नशे.

माझं म्हणणं एवढंच आहे. महापालिकेकडून नळजोडणी घ्यायची तर परवानाधारक प्लंबरचा सही-शिक्का लागतो. घरात येणाऱ्या पाण्याची इतकी काळजी. तेच पाणी घाण होऊन महापालिकेच्याच लाइनीत जातं, तिथे घरातलं दुरुस्तीचं काम कोणी केलं, कसं केलं, कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीत मी चौकशी केली, पाच घरांच्या गच्च्यांचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलेलं निघालं, प्रत्येक वेळी 'फुकटात'. पहिल्या पावसात चेंबरची झाकणं उचलली जातात आणि ते सगळं रस्त्याने वाहत खाली नासर्डी नदीकडे निघतं. तिथून गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला. २०२७ ला सिंहस्थ आहे, गोदावरी स्वच्छ करायची म्हणून रोज बातम्या येतात, आणि इकडे माझ्या घरातून माझ्याच पैशांनी हा उद्योग झाला होता.

मला नवा परवाना नको आहे. परवाना म्हटलं की खिडकी आली, खिडकी म्हटलं की रांग. महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांनी मराठीत एक पानी नमुना छापावा आणि हार्डवेअरच्या दुकानांत ठेवावा. पाइपचं माप, लांबी, उतार किती, जोड कशाचे, पावसाचं पाणी वेगळं आहे ना, पाणी भरून अर्धा तास पाहिलं का, आणि खाली दोघांच्या सह्या. एक प्रत घरमालकाकडे, एक कारागिराकडे. आणि शेवटचा चौथा हिस्सा पैसा पाणी भरून दाखवल्यावरच द्यायचा, हे तिथेच ठळक छापावं. मी सहा हजार ठेवून घेतले म्हणून निदान तेवढे तरी वाचले.

ग्राहक आयोगाबद्दल लोक सांगतात. मी विचारून आले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे पक्कं बिल नाही. मुलाने पुण्याहून मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आहे, मेसेज आहेत, फोटो आहेत आणि दुधाची पिशवी आहे. जाईन की नाही ते ठरलेलं नाही. कारण मधल्या काळात तो पोरगा पवननगरच्या भाजीबाजारात भेटला. त्यानेच ओळख दिली. मी पिशवीचं विचारलं. त्याला लपवाछपवी करावीशीही वाटली नाही. "मावशी, जुन्याला नवा जोडताना तसंच करतात. मला तसंच शिकवलंय." दोन पाइपांची मापं जुळत नसतील तर मधे घालायचा वेगळा जोड मिळतो, हे त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. आयटीआयमध्ये प्लंबरचा एका वर्षाचा कोर्स असतो, ते त्याला ठाऊक होतं. "वर्षभर घरी कोण खाऊ घालणार?" म्हणाला. मी त्याला कोथिंबिरीची जुडी घेऊन दिली, दुसरं काही सुचलं नाही. एकटा तो नाही, असे किती असतील, आणि आणखी तीस वर्षं हेच नाशिकची ड्रेनेजं जोडणार आहेत. कोणी त्यांना निदान महिन्याचे चार रविवार शिकवलं, तर महिनाभर त्यांचे डबे मी फुकट देईन. हे मी गंभीरपणे लिहिते आहे.

चेंबरवर आता उघडता येईल असं झाकण आहे, ओट्याच्या बरोबर समोर. बरं दिसत नाही, हे खरं. काल यांनी त्यावर पाट टाकून जेवण केलं.

आपली,
डबे करणारी एक गृहिणी,
सिडको, नाशिक

ता.क. नाव छापू नये ही विनंती. दुसरा प्लंबर दोन गल्ल्या सोडून राहतो आणि त्याच्या आईला दिवाळीच्या चकल्या माझ्याकडूनच जातात. या वर्षीही जातील; फक्त पैसे आधी घेणार आहे.